चकतीवर हात ठेवून

— आणि मी मघापासून तेच सांगतेय, की तो इथे नाही. सलिल ना? नाही. गेला. कधीचाच गेला. तू आधी बस तरी. दिघीच्या जेट्टीवरून रिक्षाने आलीस म्हणजे अंगातली हाडं जागच्या जागी आहेत का ते आधी बघावं लागतं — रस्ता कसला, दगडांची पेरणी आहे नुसती. क्षिप्रा म्हणालीस ना नाव? छान आहे. मी आपली अगं-तुगं करते हं, तू संस्थेत मोठी कोणी असशील, पण माझ्या भाचीएवढी दिसतेस. मला सगळे गोदूकाकू म्हणतात. बाहेर पाटी वाचलीस ना, शरच्चंद्र, घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय — ते आमचे हे. सोय ते पाटीवर करतात, जेवण मी करते. देवस्थानचे अध्यक्षही तेच. घे, कोकम सरबत घे, साखर कमी आहे. तर तुला ती चकती परत न्यायची आहे. आणि मशीन. मशीन आत आहे, खुंटीला — म्हणजे असेल, मी नीट बघितलं नाही. अगं, मी द्यायला नाही कुठे म्हणतेय? पण नुसती चकती घेऊन गेलीस आणि साहेबांनी विचारलं, इतके महिने ती तिकडे काय करत होती, तर काय सांगशील? म्हणून आधी ऐक. बोटी काय, संध्याकाळपर्यंत आहेत.

आमच्या भैरवाच्या देवळात एक घंटा आहे. मोठी — लहान मूल आत उभं राहील एवढी. वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणून मराठ्यांनी देवळादेवळांत वाहिल्या, हे तुला मी काय सांगायचं, तुझं शिक्षणच त्यातलं. आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की आपलीही त्यातलीच. का? का म्हणजे, सगळे पर्यटक जातात हरिहरेश्वरला. आमच्या फाट्यावरून गाड्या जातात भरून, काचा खाली करून विचारतात हरिहरेश्वर कुठे, आणि आम्ही हात लांब करून दाखवतो. जन्मभर दुसऱ्याचं गाव दाखवायचं म्हणजे माणसाला काहीतरी होतंच. म्हणून ह्यांनी पाटी रंगवून घेतली — ऐतिहासिक पोर्तुगीज घंटा, अवश्य पाहा, खाली बाण. पाटी झाली, बाण झाला, आणि मग कमिटीत कोणीतरी म्हणालं, पुरावा काय? झालं. तुमच्या संस्थेला कळवलं आणि संस्थेने सलिलला पाठवला. म्हणजे बघ, आधी बाण सुटला आणि मग नेम धरायला माणूस आला.

कसा होता — म्हणजे कसा आहे — तुला माहीतच असेल. उंच, थोडा वाकलेला, चष्मा सारखा नाकावर घसरतोय, आणि बोलायच्या आधी थांबणार. त्याला विचारलं, भात वाढू? तर थांबायचा. हवाय की नकोय, याचा खरोखर विचार करायचा, आणि तोवर मी पातेलं घेऊन उभी. ह्यांनी पहिल्याच दिवशी हात धुताधुता विचारलं, काय सलिलराव, घंटा पोर्तुगीजच ना? तो थांबला आणि म्हणाला, ‘आधी मशीन जुळवून घेऊ द्या.’ दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हे मला आत येऊन म्हणाले, हा माणूस मशीन जुळवायला आलाय की संसार करायला?

त्या मशीनचं तुमच्यातलं नाव मला येत नाही, मी क्ष-किरणांचं म्हणते. पार्लरमध्ये केस वाळवायचं असतं ना, हुबेहूब तसलं — मूठ धरायची, घोडा दाबायचा, वर लाल दिवा लागतो. त्याने मला समजावलं होतं. शिकवायला फार चांगला. म्हणाला, काकू, किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या आवाजात ओ देतो — तांबं तांब्याच्या, कथील कथलाच्या, शिसं शिशाच्या. मशीन ते ऐकतं. पण नुसतं ऐकून कोण किती आहे हे कसं कळणार? एखादा मोठ्यानेच बोलणारा असतो. म्हणून एक तुकडा असा लागतो, की ज्याच्यात काय किती आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे. त्याला बोलतं करायचं, मशीनने काय ऐकलं ते बघायचं, चुकलं असेल तर मशीनचा कान धरायचा, आणि मगच परक्या वस्तूकडे जायचं. तो तुकडा म्हणजे तुझी ती चकती. तळहाताएवढी, पिवळट करडी, घंटेच्याच धातूची — कांशाची. संस्थेने मुद्दाम असल्या जुन्या घंटांसाठी करवून घेतलेली, हो ना?

तर हा रोज सकाळी, चहाच्या आधी, आंघोळ करून ओटीवर बसायचा. पाट मांडायचा. पाटावर पांढरं फडकं. लाकडी डबी उघडून चकती काढायची, कडेने धरून, जपून, कापसाने पुसायची. भोवती खडूने एक रिंगण काढायचा — किरण असतात, आत कोणी यायचं नाही. मग मशीन टेकवून लाल दिवा लावायचा आणि डोळे बारीक करून आकडे पुटपुटायचा. संध्याकाळी काम संपलं की पुन्हा सगळं तसंच. आता तूच सांग, हे लांबून कसं दिसेल? आमच्याकडे सुपारी सोलायला येते ती आवडाबाई, ती अंगणात बसून रोज बघायची. एकदा न राहवून तिने विचारलं, ‘दादा, ही कोन?’ तो म्हणाला, ‘हे प्रमाण आहे, मावशी.’ ‘म्हंजे?’ आणि हा बसला तिला समजावत — त्याला विचारलं की तो समजावणारच. म्हणाला, ‘हिच्यात काय आहे ते पक्कं आहे. ते बदलत नाही. बाकी सगळं हिच्यावरून मोजायचं. हिला उष्टा-खरकटा हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. आणि आकडा जुळला नाही तर हिच्यावर संशय घ्यायचा नाही — आधी मशीनवर घ्यायचा, मग स्वतःवर.’ आवडाबाईने विळी बाजूला ठेवली. म्हणाली, ‘मंग देव देव म्हंत्यात तो दुसरा कोन हाय?’

आणि दुसऱ्या दिवशी पाटावर जास्वंद. त्याने ते अलगद उचलून बाजूला ठेवलं, तर ती विचारते, निर्माल्य कुठं टाकू? तो म्हणाला, मावशी, हा नुसता धातू आहे. ती म्हणाली, भैरव बी नुसता धोंडाच हाय की. तो थांबला. अजून थांबलेलाच आहे, म्हणजे — असो.

घंटेकडे गेला तेव्हा निराळाच घोळ. घंटेवर बाहेरून खाऱ्या वाऱ्याने चढलेलं साल, त्यावर वर्षानुवर्षांचं तेल, त्यावर शेंदूर. तो म्हणाला, मशीन फक्त वरवरचं बघतं, कागदाच्या जाडीएवढं. आतला धातू बघायचा तर कुठेतरी आतल्या कडेला नखाएवढी जागा खरवडून द्या. कमिटी उठून उभी राहिली. भैरवाच्या घंटेला खरवडायचं? हे म्हणाले, तुम्ही शहाणे लोक, न खरवडता सांगा. तो म्हणाला, न खरवडता मी सालाचं सांगू शकतो, घंटेचं नाही. हे म्हणाले, मग तुमच्या मशीनचा उपयोग काय? आणि तो बिचारा म्हणाला, हो, उपयोग कमीच आहे. असं कोण कबूल करतं गं? गॅसवाला नाही करत, डॉक्टर नाही करत.

पण तोवर मशीनची कीर्ती झालेली. नीराबाई आली, गळ्यातलं घेऊन. सोनं बघून दे. तो नको नको म्हणाला, शेवटी तिने रडायचं तेवढं बाकी ठेवलं तेव्हा बघितलं. सोनं आलं. ती खूष होऊन पायरी उतरली, आणि याने — राहवत नाही ना — मागून हाक मारून सांगितलं, ‘पण हे वरचंच हं, आत काय आहे ते मला माहीत नाही.’ तेव्हापासून तिने नवऱ्याशी सरळ बोलणं टाकलंय. नवरा सांगतो अस्सल आहे, ती म्हणते, वरून आहे, आतून कळत नाही, आणि हे म्हणताना गळ्यातल्याकडे नाही, नवऱ्याकडे बघते. मग तो बाबाजी. त्याला तालुक्याच्या हॉस्पिटलात सांगितलेलं की रक्तात लोह कमी. तो बनियन वर करून रिंगणात उभा, ‘साहेब, माज्यात लोखंड किती हाय ते बघा.’ तेवढा एकदाच सलिलचा आवाज चढलेला ऐकला मी. मशीन छातीशी धरून मागे मागे सरकत होता आणि बाबाजी पोट पुढे करून येत होता. बाबाजी म्हणाला, घंटेला करता आन मानसाला न्हाय?

आता खरी गोष्ट इथून. याच बाबाजीचं आणि त्याच्या भावाचं बांधावरून भांडण — सपाटून. दोघांची भाताची खाचरं लागून, मधला बांध कोणी सरकवला यावरून बोलणं बंद, येणं-जाणं बंद, गणपतीतली आरतीसुद्धा दोन वेळा व्हायची. कोणाच्या मनात आलं कोण जाणे — आवडाबाईच असणार — की त्या चकतीवर हात ठेवून सांगा. ती बदलत नाही, ती खोटं बोलत नाही. दोघे भाऊ आले ओटीवर. सलिल आंघोळीला गेलेला. बाबाजीने हात ठेवला, म्हणाला बांध माझा. भावाने हात ठेवला, म्हणाला बांध माझा. आता चकतीने करायचं काय? पण लोकांना पद्धत आवडली. दुसऱ्या आठवड्यात माझ्या ओटीवर चपलांचा ढीग. कोंबडी कोणाची, नारळ कोणी पाडले, सून काय बोलली. माझ्याकडे उतरलेली पुण्याची मंडळी फोटो काढतायत, मी तव्यावर आंबोळी टाकून धावतेय, आणि सलिल दारात ओला टॉवेल घेऊन उभा — नका हो, घाम लागतो तिला, नका हो.

शेवटी ह्यांनी तोडगा काढला. म्हणाले, चकती घंटेसाठी आलीय ना, मग घंटेजवळ राहू दे. सभामंडपात कोनाडा आहे, तिथे डबीत ठेवा, दार लावा. सलिलला बरं वाटलं, निदान गर्दीतून सुटेल. त्याच सुमाराला मशीनचं काहीतरी चार्जिंगचं बिघडलं म्हणून तो पनवेलला गेला. आला तो तडक देवळात. आणि कोनाड्यासमोर उभाच राहिला. आमचा गुरव साधा माणूस. सकाळी भैरवाला तेल-शेंदूर करतो, घंटेला बोट लावतो, दारातल्या दगडी वीराला लावतो. कोनाड्यात नवीन कोणी दिसलं, तर त्याला वगळायचं कसं? डबी उघडून व्यवस्थित लिंपलेली. नारिंगी. वर चांदीचे डोळे चिकटवायचे राहिले होते तेवढे, ते आणायला सांगितले होते म्हणे.

सलिल रागावला नाही. सवयीने मशीन काढलं, रिंगण काढलं, आणि लावलं चकतीला. शिसं, शिसं, शिसं — शेंदरातलं सगळं. मग उठून घंटेला लावलं. तिथेही तेच. अगं, जुळले. चकतीचा आणि घंटेचा आकडा अगदी जुळला, कारण दोघींच्या अंगावर एकाच गुरवाचा शेंदूर. आणि नेमके हे मागे उभे. ह्यांनी ते दोन आकडे बघितले, मोबाइल काढला, फोटो काढला, आणि सलिल ‘थांबा’ म्हणायच्या आधी थांबला ना — तेवढ्यात गावाच्या ग्रुपवर गेलासुद्धा. ‘मशीन जुळलं. घंटा शंभर टक्के पोर्तुगीज.’ बाहेर फटाके वाजले. फटाके कुठून आले म्हणशील, तर क्रिकेटचे उरलेले.

मग काय, समारंभ. मंडप, खुर्च्या, वरचे कोणी एक साहेब पाहुणे. मी पुरणाला बसलेली. सलिल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चष्मा पुसतोय, परत पुसतोय. म्हणाला, काकू, हे खोटं आहे. मी म्हटलं, मग सांग तसं. म्हणाला, काकांची सगळ्यांसमोर शोभा होईल. मी म्हटलं — काय म्हटलं मी? मी म्हटलं, ह्यांना सवय नाही, पण होईल. मग तो म्हणाला, संस्थेतही असंच होतं, काकू. सगळ्यांना उत्तर हवं असतं, एका ओळीत, सही करून. मी म्हटलं ‘खात्री नाही’ तर म्हणतात, मग तुला ठेवलाय कशाला. हे त्याने पुरणाच्या पाट्याकडे बघत सांगितलं. तुला माहीत आहे का गं हे? — हं. असू दे. मी विचारत नाही.

व्यासपीठावर त्याला बसवला. मधे टेबलावर चकती, शेंदूर तसाच, हार घातलेला. ह्यांनी भाषण केलं, वसईपासून इथवर आले एकदाचे, आणि शेवटी म्हणाले, आता शास्त्रज्ञ स्वतः चकतीवर हात ठेवून सांगतील की ही घंटा कुठली. टाळ्या. सलिल उठला. चकतीवर हात ठेवला. आणि थांबला. मग माइकमधून म्हणाला, ‘मला माहीत नाही.’

कोणाला काही कळेना. ह्यांना वाटलं माइक बिघडला, ह्यांनी तो ठोकला. तो परत म्हणाला, मला माहीत नाही. जे जुळलं ते शेंदराला शेंदूर जुळला. घंटा पोर्तुगीज असेल. नसेलही. इथलीच कोणी ओतली असेल तरी फार चांगली ओतली आहे. वरून मला कळत नाही आणि आत बघायची परवानगी नाही, आणि ती तुम्ही देऊ नये असंही मला आता वाटतं. एवढं बोलून चकतीवरचा हात काढला, बोटं नारिंगी झालेली, ती पँटला पुसली आणि खाली बसला. पाहुणे साहेब उठले. जेवले नाहीत. पुरणपोळी म्हशींना घालायची वेळ आली. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि मंडपात मात्र सगळे बसलेलेच. आवडाबाई मला म्हणाली, ‘एवडा मोठा मानूस, आन लाज न्हाय वाटली त्याला न्हाय म्हनायची.’ मला वाटलं नावं ठेवतेय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि त्याच संध्याकाळी बाबाजी आणि त्याचा भाऊ कोनाड्याशी गेले. बाबाजीने हात ठेवला, म्हणाला, बांध कोनी सरकवला, मला म्हाईत न्हाय. भावाने हात ठेवला, म्हणाला, मला बी न्हाय. आजाने सरकवला आसंल. खेकड्यांनी सरकवला आसंल. आणि गेले घरी. तंबाखू काढली म्हणे रस्त्यात. अगं, चकतीवर हात ठेवून हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तिसरंही काही म्हणता येतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून गावात त्याचंच चाललंय. कोंबडी कोणाची? माहीत नाही. मग दोन्ही घरांत अंडी जातात. शेजारच्या गावांतून येतात लोक, हात ठेवतात, माहीत नाही म्हणतात, आणि हलके होऊन जातात. ह्यांनी आधी पाटीवर गोणपाट टाकलं. तर पर्यटक गोणपाट उचलून बघायला लागले. आता नवीन पाटी आहे, येताना वाचली असशील — ‘ही घंटा कुठली, कोणी केली, माहीत नाही. अवश्य पाहा.’ गाड्या थांबतात. हे उभे राहून माहिती सांगतात. काय सांगतात देव जाणे, पण हल्ली बोलायच्या आधी जरा थांबतात. मला बरं वाटतं.

चकती? हो, निघाला होता की घेऊन. तुमच्या साहेबांचे फोनवर फोन. गावाने अडवलं नाही, उलट बायकांनी तिची ओटी भरली — नारळ, खण, तांदूळ. सासरी पाठवतात तशी. तो डबी मांडीवर घेऊन दिघीला गेला, आणि दुपारी परत. डबी तशीच. खण तसाच. म्हणाला, काकू, जेट्टीवर शेवटचं म्हणून मशीन लावून बघितलं, आता ही प्रमाण राहिली नाही. तेलातला-शेंदरातला किती अंश हिच्यावर बसलाय सांगता येत नाही. अशी नेऊन ठेवली तर तिकडची सगळी मशीनं हिच्यावरून चुकतील, म्हणून नेता येत नाही. मला पटलं. तुला नाही पटत? — घासून साफ होते? हो, ते मलाही माहीत आहे, त्यानेच सांगितलं, वरचा थर बारीक घासून काढला की आत पहिल्यासारखी, कांसं काही आतून बदलत नाही. परवाच म्हणाला, जेवताना, की अर्ध्या तासाचं काम —

— हं.

परवा म्हणजे — बोलण्यात येतं गं असं. बरं, आहे तो. आहे इथेच. तारेवरचे शर्ट बघूनच तुला कळलं असेल, आमचे हे काही चौकड्यांचे घालत नाहीत. मला खोटं नीट येत नाही, सवय गेली. मग का नाही घासत, हे मी त्याला विचारलं नाही. का विचारू? विचारलं असतं आणि उत्तर आलं असतं तर? अर्ध्या तासात चकती साफ, मग डबी, मग जेट्टी, मग परत मी आणि हे आणि मधे वाटाण्याची उसळ. तो ताटावर असला की निदान भात वाढायच्या आधी कोणीतरी विचार करतं. आमच्याकडे नुसतं ताट पुढे सरकवतात. बेचाळीस — जाऊ दे, इतकी वर्षं सरकवलेलं ताट बघितलं की बाईला आपण पातेलं आहोत असं वाटायला लागतं. एकदा भर दुपारी, देवळात कोणी नसताना, मीसुद्धा गेले होते कोनाड्याशी. हात ठेवला. आणि स्वतःलाच विचारलं, गोदू, या घरात तुझं बरं चाललंय का गं? आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीच विचारलं. आणि म्हटलं, मला माहीत नाही. तिथेच खाली बसले आणि हसायला आलं. किती सोपं होतं. ह्यांना नाही कधी हात ठेवायला लावला मी. श्रीवर्धनला दर गुरुवारी कसल्या मीटिंगा असतात ते विचारता आलं असतं. पण त्यांना ‘माहीत नाही’ म्हणता येईल एवढे अजून ते तयार नाहीत, आणि बाकी दोन उत्तरं मला नकोत. — हे मी तुला कशाला सांगतेय?

तू बोलतच नाहीस गं. मघापासून मीच. आणि जे विचारलंस ते काय विचारलंस? जेवतो का नीट. खोकला गेला का त्याचा. चष्म्याची काडी नवीन केली का, की दोऱ्याने बांधलेलीच आहे. चकतीचं तू आल्या आल्या एकदा विचारलंस, नंतर नाव नाही. संस्था माणूस पाठवते तेव्हा त्याच्या चष्म्याची काडी बघायला सांगत नाही, एवढं मलाही कळतं. — रडू नकोस, रडायचं काय त्यात. सरबत संपव.

बांधलेलीच आहे. दोरा मी बदलून दिला, काळा.

खाली आहे तो. सुरूच्या बनातून वाट जाते, पलीकडे खडकावर बसलेला असतो या वेळेला, होड्यांच्या इंजिनांचे पंखे कसल्या धातूचे ते मशीनने बघायला कोळी नेतात त्याला. भरती लागायच्या आत पोचशील. आणि ऐक, त्याला एकदम ‘येतोस की नाही’ असं विचारू नकोस. शेजारी बस. तो थांबला की तूही थांब, घाई करून मधे शब्द घालू नकोस, माणसं तिथेच चुकतात त्याच्या बाबतीत. आणि माझं काही मधे आणू नकोस, मी काही म्हणालेली नाही. न्यायचा असेल तर ने. डबी कोनाड्यात आहे, कुलूप नाही, तीही ने — की राहू दे — ते तुम्ही दोघं ठरवा, मला नका विचारू. रात्री जेवायला दोघं असलात तर भात जास्त टाकते, नसलात तर नाही टाकत, त्यात काय एवढं. चप्पल हातात घे, वाळू तापलीय तरी चप्पल रुतते. जा आता. मला फणसाच्या आठळ्या सोलायच्यात. जा म्हणते ना.